१६८ तास आणि तीन नर्स : धानोऱ्याच्या निमित्ताने ओव्हरटाइमचा इतिहास

समजा, एखाद्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सने गेल्या वर्षी किती तास जादा काम केलं हे तुम्हाला शोधायचं आहे. कुठला कागद मागाल? बहुतेक जण म्हणतील, हजेरीपट. हजेरीपटात सही असते, किरकोळ रजा, अर्जित रजा, साप्ताहिक सुट्टी असते. जादा तासांचा रकाना सहसा नसतो. बरं, पगारपत्रक बघावं, तर तिथे मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता अशा ओळी असतात. त्यात ‘ओव्हरटाइम’ नावाची ओळ शोधून सापडत नाही. म्हणजे फक्त कागदावरून निष्कर्ष काढला तर उत्तर येतं शून्य.

हे शून्य कुठून आलं, हा आजचा विषय. पेट किंवा नेटची तयारी करताना आपण ‘डेटा उपलब्ध नाही’ हे वाक्य पाठ केल्यासारखं लिहितो. पण नोंद का नाही, यालाही इतिहास असतो, आणि कधी कधी तोच संशोधनाचा खरा विषय निघतो.

उदाहरणासाठी धानोरा तालुका घेऊ. गडचिरोलीहून पूर्वेला, मुरूमगावमार्गे छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा जंगलपट्टा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. धानोऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे. मुरूमगाव, पेंढरी, रांगी, कारवाफा अशा गावांत प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. आदिवासी आणि डोंगराळ भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे २०,००० लोकसंख्या धरतात, सपाटीवर ३०,०००. कागदावर हा निकष उदार वाटतो. पण पायवाटा, नाले आणि पावसाळा त्या निकषात मोजलेले नाहीत. नाल्याला पूर आला आणि पुढच्या पाळीची सिस्टर अलीकडेच अडकली, तर आधीची सिस्टर वॉर्ड सोडून जाऊ शकत नाही. तिची पाळी आपोआप लांबते.

आधी साधं गणित

आठवड्यात १६८ तास असतात. एखाद्या ठिकाणी चोवीस तास एक नर्स हजर हवी असेल, तर हे १६८ तास कुणीतरी भरायलाच हवेत. सकाळ, दुपार प्रत्येकी सहा तास आणि रात्र बारा तास अशी पद्धत असो, की आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या असोत, बेरीज तीच येते.

आता एका नर्सचा आठवडा ४० तासांचा धरा. १६८ भागिले ४० म्हणजे ४.२. म्हणजे एक जागा चोवीस तास चालवायला चारपेक्षा जास्त माणसं लागतात, आणि यात अजून कुणीही आजारी पडलेलं नाही, कुणाच्या घरी लग्न नाही, कुणी ट्रेनिंगला गेलेलं नाही. म्हणूनच भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत नर्सच्या पदांवर ३० टक्के ‘रजा राखीव’ पदं धरायला सांगितलं आहे. ती धरली तर आकडा साडेपाचच्या जवळ जातो.

आता योजनेचा आकडा बघा. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. चोवीस तास सेवा देणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी त्यात तीन स्टाफ नर्स धरल्या होत्या. १६८ भागिले तीन म्हणजे ५६. तिन्ही पदं भरलेली, तिघीही वर्षभर ठणठणीत आणि वर्षात एकही सुट्टी नाही, असं मानलं तरी प्रत्येकीला आठवड्याला ५६ तास. त्यातली एक प्रसूती रजेवर गेली की उरलेल्या दोघींना ८४. एएनएम किंवा दुसरं कुणी रात्र सांभाळून घेतं तेव्हाच हा आकडा खाली येतो, पण ते तास मग त्या दुसऱ्या बाईच्या डोक्यावर जातात.

लक्षात घ्या, इथे कुणाचा आळस नाही, कुणाचं नियोजन चुकलेलं नाही. जादा तास मंजूर पदांच्या आकड्यातच बसलेले आहेत. ड्युटी चार्ट लावणाऱ्या इन्चार्ज सिस्टरने कितीही डोकं लावलं तरी ती हे तास इकडून तिकडे सरकवू शकते, कमी करू शकत नाही.

आणि इथेच संशोधनाचा पहिला धडा आहे. ५६ तासांपैकी ‘जादा’ किती? ४० तासांचा आठवडा प्रमाण मानला तर १६. ४८ तासांचा मानला तर ८. ‘नर्स म्हणजे चोवीस तास सेवेला बांधलेली’ असं मानलं तर शून्य. तास तेच, उत्तरं तीन. म्हणजे ओव्हरटाइम ही गोष्ट घड्याळात नसते, ती प्रमाणात असते. हे प्रमाण कुणी, कधी ठरवलं, हे आता पाहू.

‘सिस्टर’ या शब्दातली अडचण

आपल्याकडे नर्सला सिस्टर म्हणतात. ही उपाधी ख्रिस्ती धर्मसंघांच्या परंपरेतून आलेली. व्रत घेतलेली बाई कामाचे तास मोजत नाही, हे त्या शब्दात गृहीत आहे. पुढे नर्सिंग हा पगारी पेशा झाला, परीक्षा आल्या, नोंदणी आली, पण तास न मोजण्याची सवय गेली नाही. नर्सेस क्वार्टर दवाखान्याच्या आवारातच असण्याचाही यात वाटा आहे. राहायची सोय हा हक्कच, पण आवारात राहणाऱ्या माणसाची ड्युटी नक्की कधी संपते? रात्री दोनला बाळंतीण आली आणि दार वाजलं, तर ते ‘बोलावणं’ असतं. त्याला पाळी म्हणून कुणी लिहीत नाही.

संख्याही पहिल्यापासून तुटपुंजी. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल १९४६ साली आला. तेव्हा देशात ४३,००० लोकांमागे एक नर्स असं प्रमाण होतं. आज आपण ज्याला प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतो त्याची मूळ कल्पना याच अहवालातली. तातडीच्या टप्प्यासाठी समितीने ४०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र सुचवलं. त्याच्या कर्मचाऱ्यांत दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, चार प्रशिक्षित दाया होत्या, आणि नर्स होती एक. त्या काळातली टंचाई बघता हे समजण्यासारखं आहे. पण पुढे केंद्राकडून चोवीस तासांची अपेक्षा वाढत गेली, आणि पदांचा आकडा त्या वेगाने वाढला नाही.

दवाखाना ‘उद्योग’ आहे का?

कारखान्यातल्या कामगाराला ओव्हरटाइम मिळतो हे आपण सहज बोलतो. त्यामागे २०२५ पर्यंत १९४८ चा कारखाने अधिनियम होता. त्याचं कलम ५९ सांगायचं की दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झालं तर जादा तासांना दुप्पट दराने मजुरी. पण तो कायदा जिथे उत्पादन प्रक्रिया चालते तिथे लागायचा. वॉर्डात माल तयार होत नाही. त्यामुळे दुप्पट दराचं हे कलम नर्सपर्यंत आलंच नाही.

मग दुसरा दरवाजा होता १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाचा. हा कायदा थेट ओव्हरटाइमचा दर ठरवत नव्हता, पण संघटना करून मागणी मांडायची, तडजोड करायची, न्यायाधिकरणापुढे जायची वाट द्यायचा. त्यासाठी दवाखाना ‘उद्योग’ ठरायला हवा होता. आणि हा प्रश्न मुंबईतच उभा राहिला.

जे. जे. समूह रुग्णालयातल्या दोन वॉर्ड सेविकांना १९५४ मध्ये कामावरून कमी केलं आणि त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून कमी झालेले कर्मचारी घेतले. हॉस्पिटल मजदूर सभा ही संघटना कोर्टात गेली. सरकारचं म्हणणं, दवाखाना हा उद्योग नाहीच, मग त्या कायद्याचं संरक्षण कसलं? सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी १९६० रोजी निकाल दिला तो सेविकांच्या बाजूने. निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांचं. साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले.

पण ही वाट दहा वर्षंच उघडी राहिली. १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात न्यायालयाने उलट भूमिका घेतली, दवाखाना उद्योग नाही. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका खोडून काढली आणि दवाखाने पुन्हा ‘उद्योग’ झाले. संसदेने १९८२ च्या दुरुस्तीत दवाखाने व्याख्येतून वगळले, पण ती नवी व्याख्या अमलातच आणली नाही. मग २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवेत पूर्णतः वा मुख्यतः गुंतलेल्या संघटनांच्या संस्था ‘उद्योग’ या शब्दाबाहेर ठेवल्या आहेत.

हा सगळा प्रवास अशासाठी सांगितला की इथे परत तोच जुना प्रश्न आहे. हे काम सेवा आहे की नोकरी? उत्तर ‘सेवा’ आलं की तास मोजण्याचं कारणच संपतं. खासगी दवाखान्यांच्या बाबतीत तर प्रश्न आणखी लांबला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं की ५० पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही नर्सचा पगार २०,००० रुपयांपेक्षा कमी नको, आणि कामाचे तास, रजा या गोष्टी सरकारी नर्सच्या बरोबरीने हव्यात. पण ही शिफारस होती. ती कायदा म्हणून उतरवणं राज्यांवर सोडलं गेलं.

१९८९ : चार वाक्यांची शिफारस

सरकारी नर्सच्या तासांबद्दल सगळ्यात स्पष्ट बोललेला कागद म्हणजे परिचर्या व्यवसायावरच्या उच्चाधिकार समितीचा अहवाल. ही समिती १९८७ मध्ये नेमली गेली आणि पुढे तिचं अध्यक्षपद सरोजिनी वरदप्पन यांच्याकडे होतं. १९८९ च्या या अहवालाचं कामाच्या तासांबद्दलचं म्हणणं थोडक्यात असं : आठवडा ४० तासांचा करा. सर्व राज्यांत सलग पाळी आणा. जादा तासांची भरपाई रजेने किंवा पैशाने करा, जसं राज्याचं धोरण असेल तसं. साप्ताहिक सुट्टी आणि सर्व राजपत्रित सुट्ट्या नियमाप्रमाणे द्या.

‘सलग पाळी’ हा शब्द नवख्या माणसाला साधा वाटेल. त्याच्या उलट असते ती स्प्लिट ड्युटी. सकाळी चार तास, मधे मोकळं, संध्याकाळी पुन्हा चार तास. कागदावर आठच तास दिसतात, पण बाईचा दिवस बारा तासांचा अडकतो. मधल्या वेळात ती ना घरची ना दवाखान्याची. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ मध्ये परिचर्या कर्मचाऱ्यांसाठी करार क्रमांक १४९ आणि त्यासोबत शिफारस क्रमांक १५७ मंजूर केली. त्या शिफारशीतही कामाचा दिवस सलग असावा, दोन पाळ्यांमध्ये किमान बारा तासांची विश्रांती असावी आणि ड्युटी पुरेशी आधी कळावी, असं म्हटलं आहे. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

आता समितीच्या तिसऱ्या शिफारशीकडे परत या. ‘रजेने किंवा पैशाने.’ हा ‘किंवा’ फार महत्त्वाचा आहे. पैशाने भरपाई करायची तर तास लिहावे लागतात, दर ठरवावा लागतो, बिल काढावं लागतं, ऑडिट होतं. रजेने करायची तर इन्चार्जच्या वहीत ‘सी-ऑफ बाकी’ एवढं पुरतं. आणि पदंच कमी असतील तर ती बदली सुट्टी घ्यायची कधी? आज एकीला सी-ऑफ दिला की दुसरीचा उद्याचा ऑफ जातो. गणित आधीच सांगितलंय. १६८ तास कुणीतरी भरायचेच आहेत. त्यामुळे सी-ऑफ हे असं कर्ज होतं जे एक नर्स दुसऱ्या नर्सला फेडते, आणि ज्याने माणसं कमी दिली तो या व्यवहारात कुठेच दिसत नाही.

सुट्टी कुणाची?

२९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्रात राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्याबदल्यात रोजची कार्यालयीन वेळ वाढवली. अत्यावश्यक सेवा म्हणून ज्यांना यातून वगळलं त्यांत सरकारी रुग्णालयं होती. वगळणं स्वाभाविकच आहे, शनिवारी बाळंतपणं थांबत नाहीत. पण संशोधकाने इथे थांबून विचारावं की ज्यांना वगळलं त्यांना त्या दिवसांच्या बदल्यात काय मिळालं.

भत्त्यांचंही तसंच. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारच्या नर्सना सुरुवातीला दरमहा ७,२०० रुपये नर्सिंग भत्ता मिळू लागला. हा भत्ता ठरीव असतो. महिन्यात किती रात्री केल्या, दिवाळीला ड्युटी होती का, यावर तो कमीजास्त होत नाही. मे २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेचा संप झाला. बाह्यस्रोतातून कंत्राटी भरतीला विरोध आणि केंद्राप्रमाणे नर्सिंग भत्ता या त्यातल्या ठळक मागण्या. तासाला दुप्पट दर ही ठळक मागणी नव्हती. का? माझं वाचन असं आहे की ज्या तासांची नोंदच नाही त्यांचा दर मागता येत नाही. त्यामुळे नर्सेस कायम पदं मागतात. आणि वरचं गणित बघितलं तर पदांची मागणी हीच ओव्हरटाइमची मागणी आहे, फक्त वेगळ्या भाषेतली.

धानोऱ्यानेच शिकवलेली गोष्ट

धानोरा तालुक्याचं नाव आरोग्य संशोधनात जगभर माहीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचं शोधग्राम याच तालुक्यात, चातगावजवळ. गडचिरोलीतल्या ३९ गावांत १९९५ ते १९९८ या काळात गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभराचा झाला.

उपचार तर महत्त्वाचे होतेच. पण त्याआधी गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला गेला. ‘जंगलातली बाळं जातातच’ हे वाक्य आकड्यात बदललं तेव्हा ते नशीब राहिलं नाही, प्रश्न झालं. नर्सच्या तासांबद्दल आपण अजून ‘दवाखान्यात असं चालतंच’ या वाक्यावर आहोत. आणि गंमत बघा, त्याच कार्यक्रमात आशाताईंना घरभेटींसाठी एका बाळामागे २५० रुपये धरले गेले. नर्सला महिन्याचा पगार, आशाला कामामागे मोबदला. पद्धती दोन, पण तास दोन्हीकडे मोजलेले नाहीत.

तास मोजता येतात का? येतात. अमेरिकेत अ‍ॅन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी ३९३ नर्सना रोजची नोंदवही लिहायला दिली आणि ५,३१७ पाळ्यांची माहिती गोळा केली. २००४ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं की पाळी साडेबारा तास किंवा त्याहून लांबली की चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते. म्हणजे हा फक्त नर्सच्या पगाराचा प्रश्न नाही. रात्रीच्या अकराव्या तासाला इंजेक्शन भरणारा हात कुणाचा आणि किती दमलेला, हा खाटेवरच्या माणसाचाही प्रश्न आहे.

तुम्ही हा विषय घेतलात तर

सुरुवात हजेरीपटापासून करू नका. आधी मंजूर पदं, भरलेली पदं आणि चोवीस तास चालणाऱ्या जागा किती हे लिहून घ्या, आणि १६८ चं गणित मांडा. यातून निघतो तो किमान आकडा. मग ड्युटी चार्ट बघा आणि त्यात खाडाखोड कुठे आहे ते बघा. छापील चार्टपेक्षा पेनाने केलेली दुरुस्ती जास्त बोलते. त्याच्याशेजारी प्रसूती नोंदवही ठेवा, कारण तिच्यात वेळ लिहिलेली असते. पहाटे साडेतीनच्या प्रसूतीपुढे जिचं नाव आहे, ती चार्टप्रमाणे त्या रात्री ड्युटीवर होती का? ही एक तुलना नीट केली तरी प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहील. अर्थात संस्थेची आणि नैतिकता समितीची परवानगी आधी, आणि रुग्णाचं नाव कुठेही उतरवायचं नाही.

शेवटी मुलाखती. तिथे ‘तुम्ही ओव्हरटाइम करता का?’ असं विचारलंत तर बहुधा ‘नाही’ ऐकाल, कारण तो शब्द त्यांच्या नोकरीत नाहीच. ‘तुमचे किती ऑफ बाकी आहेत?’ असं विचारा. आणि प्रबंधात लिहिताना कुठलं प्रमाण धरलं, ४० की ४८, ते पहिल्याच पानावर सांगा. कारण ते न सांगता दिलेला आकडा म्हणजे पुन्हा तेच शून्य, फक्त वेगळ्या अंकात लिहिलेलं.